माश्या पाळणारा शास्त्रज्ञ

पिकलेली केळी दोन-तीन दिवस घरात उघडी ठेवून पाहा. त्यांच्याभोवती बारीक बारीक चिलटे घोंगावू लागतात. इफ्तारसाठी आणलेल्या फळांवरून अम्मी ती हाताने हाकलत असते, हेही तुम्ही पाहिले असेल. तिळाएवढे शरीर, लाल डोळे आणि दोन पारदर्शक पंख. या चिलटांना फळमाश्या म्हणतात. आपण त्यांना उडवून लावतो आणि विसरून जातो. एका शास्त्रज्ञाने मात्र त्यांना दुधाच्या बाटल्यांत ठेवले, केळी खाऊ घातली आणि एकेक करून मोजले. त्या शास्त्रज्ञाचे नाव थॉमस हंट मॉर्गन.

मॉर्गन यांचे नाव तुम्हांला विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात सापडेल. पण तरुणपणी त्यांच्या मनात घर करून बसलेला प्रश्न वेगळाच होता. तो प्रश्न एखादे लहान मूलही विचारील, इतका साधा आहे. अंड्यात ना डोके दिसते ना शेपूट. मग त्यातून घडणाऱ्या जिवाचे डोके एका टोकाला आणि शेपूट दुसऱ्या टोकाला यावे, हे कोण ठरवते? या प्रश्नाचे उत्तर मॉर्गन यांना मिळाले नाही. ते त्यांच्या माश्यांनी दिले, पण फार उशिरा. ही हकिकत कशी घडली, ते आता वाचा.

मॉर्गन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन या गावी झाला. घराणे नावाजलेले होते. अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की हे त्यांच्या आईचे आजोबा. काका जॉन हंट मॉर्गन हे अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या घोडदळाचे सेनापती होते. गुलामगिरी टिकवू पाहणारी ही दक्षिणेची बाजू १८६५ मध्ये हरली आणि पुढच्याच वर्षी थॉमसचा जन्म झाला. घरात लढाईची परंपरा असली तरी मुलाचे लक्ष रानात असे. पक्ष्यांची अंडी गोळा करावीत, खडकांत दडलेले जीवाश्म शोधावेत, यांत त्याचे दिवस जात. जीवाश्म म्हणजे प्राचीन काळच्या जिवांचे दगडात राहिलेले अवशेष.

केंटकीमध्ये पदवी घेऊन मॉर्गन बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तेथे १८९० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय होता समुद्रात राहणारे कोळी. हे प्राणी खरोखर कोळ्यांचे नातलग आहेत की खेकड्यांचे, हे त्यांना ठरवायचे होते. त्यासाठी त्यांनी मोठ्या प्राण्यांऐवजी त्यांचे भ्रूण तपासले. अंड्यात घडत असलेल्या जिवाला भ्रूण म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो वारंवार येणार आहे.

१८९१ मध्ये मॉर्गन ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयात शिकवू लागले. मधल्या काळात, १८९४-९५ मध्ये, ते इटलीतील नेपल्स शहरी समुद्रकाठच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेत राहिले. तेथे त्यांची हान्स ड्रीश या जर्मन शास्त्रज्ञाशी मैत्री झाली. ड्रीश यांनी काही वर्षांपूर्वी एक चमत्कारिक प्रयोग केला होता. समुद्री साळिंदर नावाच्या काटेरी प्राण्याचे अंडे फलित झाल्यावर त्याच्या दोन पेशी होतात. ड्रीश यांनी त्या हलवून वेगळ्या केल्या. प्रत्येक पेशीतून अर्धा जीव तयार होईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आकाराने लहान, पण पूर्ण असे दोन जीव तयार झाले! जणू प्रत्येक पेशीला पूर्ण शरीराचा नकाशा ठाऊक होता.

मॉर्गन यांना या प्रश्नाने पछाडले. ब्रिन मॉरला परत आल्यावर ते चपट्या कृमींवर प्रयोग करू लागले. हे गोड्या पाण्यात राहणारे नखाएवढे प्राणी आहेत. त्यांचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून पुन्हा पूर्ण कृमी तयार होते. शरीराचा २७९ वा हिस्सासुद्धा पूर्ण कृमी घडवू शकतो, असे मॉर्गन यांना दिसले. त्याहून मोठे आश्चर्य पुढेच आहे. तुकड्याची जी बाजू पूर्वी डोक्याकडे होती, तेथेच नवे डोके फुटे. जी बाजू शेपटीकडे होती, तेथे शेपूट येई. आपले पुढचे टोक कोणते, हे एवढ्याशा तुकड्याला कसे कळत असेल? शिवाय, तुकडा फारच आखूड कापला तर कधीकधी दोन्ही टोकांना डोकी येत. शेपटीविना दुतोंडी कृमी!

मॉर्गन यांनी विचार केला. कदाचित शरीरात डोक्यापासून शेपटीपर्यंत काही रासायनिक द्रव्ये पसरलेली असतील. एका टोकाला दाट आणि पुढे हळूहळू विरळ. त्या दाटपणाच्या फरकावरूनच तुकड्याला आपली दिशा कळत असेल. आखूड तुकड्याच्या दोन टोकांत फरक फारच थोडा उरतो, म्हणून त्याचा गोंधळ उडत असेल.

ही कल्पना समजायला एक सोपा दाखला घ्या. खोलीच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडून ठेवली आहे आणि तुमचे डोळे बांधलेले आहेत. कुपीजवळ वास उग्र येईल, मधोमध बेताचा, पलीकडच्या भिंतीपाशी अगदी मंद. केवळ नाकाच्या जोरावर तुम्ही खोलीत कोठे उभे आहात, हे सांगू शकाल. मॉर्गन यांना शरीरातही अशीच काही कुपी असावी, असे वाटत होते.

परंतु कुपी काही सापडेना. त्या काळी असे द्रव्य डोळ्यांना दिसण्याची किंवा वेगळे काढण्याची सोयच नव्हती. मॉर्गन यांचा स्वभाव असा होता, की जे प्रयोगाने तपासता येत नाही, त्यावर ते फार काळ विसंबून राहत नसत. १९०१ मध्ये त्यांनी या विषयावर एक मोठे पुस्तक लिहिले. पुढची काही वर्षे आणखी प्रयोग केले. नंतर मात्र हा प्रश्न हळूहळू बाजूला पडला. आवडता प्रश्न सोडून देणे त्यांना सोपे गेले नसणार. तुम्हीही एखादे गणित तासन्तास घेऊन बसला असाल आणि शेवटी वही मिटली असेल. ती चुटपुट कशी असते, हे तुम्हांला ठाऊक आहे.

१९०४ मध्ये मॉर्गन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी लिलियन सॅम्प्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लिलियन स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या आणि पुढे त्यांनीही फळमाश्यांवर महत्त्वाचे संशोधन केले.

आता त्या माश्यांकडे वळू. सजीवांमध्ये एकाएकी नवे गुण कसे उत्पन्न होतात, हे मॉर्गन यांना पाहायचे होते. त्यासाठी भराभर वाढणारा, थोड्या जागेत मावणारा आणि स्वस्तात पोसता येणारा प्राणी हवा होता. फळमाशी या साऱ्या कसोट्यांना उतरली. उबदार हवेत तिची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते. खोराक काय, तर केळे. घर काय, तर दुधाची रिकामी बाटली. कोलंबिया विद्यापीठातील ती लहानशी खोली पुढे जगभर माश्यांची खोली म्हणून प्रसिद्ध झाली. आठ टेबले, शेकडो बाटल्या, सडक्या केळ्यांचा वास आणि टेबलांच्या खणांत झुरळे. एवढ्या घाणीत एवढे मोठे विज्ञान जन्माला आले, यावर विश्वास बसणे कठीण आहे.

सुरुवातीला काहीच हाती लागले नाही. दोन वर्षे फुकट गेली, अशी तक्रार मॉर्गन यांनी भेटीला आलेल्या एका शास्त्रज्ञाजवळ केली होती, असे सांगतात. मग १९१० मध्ये एका बाटलीत, लाल डोळ्यांच्या असंख्य माश्यांमध्ये, पांढऱ्या डोळ्यांचा एकच नर दिसला. मॉर्गन यांनी त्याची जोडी लाल डोळ्यांच्या माद्यांशी लावली. १२३७ पिल्ले लाल डोळ्यांची झाली. पांढऱ्या डोळ्यांचे तीन अपवाद तेवढे निघाले. पांढरा रंग जणू नाहीसा झाला. पुढच्या पिढीत तो परत आला. २४५९ माद्या लाल डोळ्यांच्या, १०११ नर लाल डोळ्यांचे आणि ७८२ नर पांढऱ्या डोळ्यांचे. पांढऱ्या डोळ्यांची मादी मात्र एकही नाही!

हे आकडे नीट पाहा. डोळ्यांचा रंग नर-मादीच्या भेदाला का चिकटला असावा? पेशीच्या केंद्रकात दोऱ्यांसारखी गुणसूत्रे असतात. त्यांपैकी क्ष गुणसूत्रे मादीत दोन असतात, नरात एकच आणि तेही आईकडून आलेले. डोळ्यांचा रंग ठरवणारा घटक या क्ष गुणसूत्रावर आहे, असे मानले की सगळा हिशेब जुळतो. मादीत एक गुणसूत्र बिघडले तर दुसरे काम भागवते. नराजवळ दुसरे नसतेच. अशा घटकाला आपण जनुक म्हणतो.

गंमत पाहा. आनुवंशिकतेचे घटक गुणसूत्रांवर असतात, या मताचे मॉर्गन १९१० पर्यंत विरोधक होते. त्यांनी त्याविरुद्ध लिहिलेही होते. स्वतःच्या बाटलीतील माश्यांनी उलट साक्ष दिली, तेव्हा त्यांनी आपले छापलेले मत बदलले आणि त्याच मताचे ते सर्वांत मोठे पुरस्कर्ते झाले. मला विचाराल, तर पांढऱ्या डोळ्यांच्या माशीपेक्षा ही गोष्ट अधिक दुर्मिळ आहे.

त्यांचे विद्यार्थीही एकाहून एक सरस होते. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा पदवीचे शिक्षण घेत असलेला मुलगा. १९११ मध्ये एका रात्री कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून त्याने गुणसूत्रावरील जनुकांचा जगातील पहिला नकाशा काढला. कॅल्व्हिन ब्रिजेस बाटल्या धुण्याच्या कामावर लागला होता. त्याची नजर इतकी तीक्ष्ण, की बाटलीच्या जाड काचेतूनही त्याला वेगळ्या रंगाचा डोळा दिसे. १९१५ मध्ये याच ब्रिजेसला एक विचित्र माशी सापडली. फळमाशीला दोन पंख असतात आणि त्यांच्या मागे तोल सांभाळणाऱ्या दोन लहान गुंड्या. या माशीत त्या गुंड्या पंखांसारख्या होऊ लागल्या होत्या. शरीराच्या एका भागाने दुसऱ्याचे रूप घेतले होते!

डोके कोठे, शेपूट कोठे, पंख कोठे, या जुन्या प्रश्नाची किल्ली त्या बाटलीत होती. मॉर्गन यांच्या मंडळींनी त्या माशीला नाव दिले, तिच्या जनुकाची जागा नकाशावर मांडली आणि ते पुढच्या कामाला लागले. त्यांना दोष देता येत नाही. जनुक म्हणजे नेमके काय, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

१९२८ मध्ये मॉर्गन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे गेले. तेथील कॅलटेक या संस्थेत त्यांनी जीवशास्त्राचा नवा विभाग उभारला. स्टर्टेव्हंट, ब्रिजेस आणि अर्थातच माश्याही त्यांच्याबरोबर गेल्या. या विभागाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत पोचतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. १९७० च्या दशकात त्यांनी कॅलटेकमध्ये सीमोर बेन्झर यांच्याबरोबर फळमाश्यांवर संशोधन केले. पुढे कुलाब्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी माशीला वास आणि चव कशी कळते, याचा शोध घेतला.

मॉर्गन यांना १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. समारंभाला ते गेले नाहीत. भाषण त्यांनी पुढच्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला जाऊन दिले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी स्वतःच्या मुलांबरोबर ब्रिजेस व स्टर्टेव्हंट यांच्या मुलांमध्येही वाटून टाकली. यश सर्वांचे आहे, हे त्यांनी असे दाखवले.

१९३४ मध्ये त्यांनी भ्रूणशास्त्र आणि आनुवंशिकता या दोन विषयांवर मिळून एक पुस्तक लिहिले. तरुणपणीचा प्रश्न आणि माश्यांचे उत्तर आता एकत्र येणार, अशी वाचकांची अपेक्षा होती. तसे झाले नाही. काही प्रकरणे एका विषयावर, काही दुसऱ्यावर. एका तरुण शास्त्रज्ञाने ही निराशा त्यांना बोलून दाखवली. तेव्हा मॉर्गन यांनी, पुस्तकाच्या नावात दोन्ही विषय आहेत आणि आतही दोन्ही आहेत, असे मिश्कील उत्तर दिले म्हणतात. हसण्यावारी नेले खरे. पण सांधा जुळला नाही, हे त्यांनाही कळत होते.

तरीही त्या पुस्तकात एक विलक्षण अंदाज आहे. प्रत्येक पेशीत जनुके तर सारखीच असतात. मग एक पेशी डोक्याची आणि दुसरी पोटाची का होते? मॉर्गन यांनी असे सुचवले, की अंड्याच्या निरनिराळ्या भागांतील द्रव्य सुरुवातीपासूनच थोडे वेगळे असावे. त्या फरकामुळे निरनिराळी जनुके जागी होत असावीत. जाग्या झालेल्या जनुकांमुळे फरक आणखी वाढावा, त्यामुळे आणखी जनुके जागी व्हावीत आणि पायरीपायरीने शरीर घडावे. हा अंदाज मांडून ते थांबले. पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. अखेरच्या वर्षांत ते पुन्हा समुद्रातील जिवांच्या अंड्यांकडे वळले होते. ४ डिसेंबर १९४५ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले.

चरित्र येथे संपते, प्रश्न संपत नाही. स्टर्टेव्हंट यांचे विद्यार्थी एडवर्ड लुइस यांनी गुंड्यांचे पंख होऊ पाहणाऱ्या माश्यांचा अभ्यास कॅलटेकमध्येच तीस वर्षांहून अधिक काळ चालू ठेवला. त्यांनी तर चार पूर्ण पंखांची माशी तयार करून दाखवली. शरीराच्या प्रत्येक खंडाला त्याची ओळख देणारी जनुके असतात आणि ती गुणसूत्रावर शरीरातील भागांच्याच क्रमाने मांडलेली असतात, असे त्यांनी १९७८ मध्ये मांडले. पुढे तशीच जनुके उंदरात आणि माणसातही सापडली.

त्याच सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोघे एकाच सूक्ष्मदर्शकाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून माश्यांचे बिघडलेले भ्रूण तपासत होते. जनुकांत मुद्दाम बिघाड घडवून त्यांनी हजारो वाण पाहिले. कोणत्या बिघाडाने शरीराचा कोणता भाग गळतो, याची नोंद केली. एका जनुकाच्या बिघाडाने भ्रूणाचे खंड निम्मेच होतात. त्याचे नाव फुशी ताराझू. नाव ऐकून तुम्हांला तराजू आठवेल, पण हे शब्द जपानी आहेत. अर्थ असा, की खंड कमी पडले.

आणि मग कुपी सापडली. काही माद्यांची अंडी विचित्र निघत. त्यांतील भ्रूणांना डोके नसे, छाती नसे. डोक्याच्या जागी शेपटीकडचा भाग येई. मॉर्गन यांना दुतोंडी कृमी दिसली होती, ही तिच्या नेमकी उलट गोष्ट. बिघाड आईच्या एका जनुकात होता. त्याला बायकॉइड म्हणतात. निरोगी मादी अंडे तयार करताना त्याच्या पुढच्या टोकाला या जनुकाचा रासायनिक निरोप ठेवून देते. अंडे घातल्यावर त्या निरोपाबरहुकूम तेथे बायकॉइड नावाचे प्रथिन तयार होऊ लागते आणि मागे पसरते. पुढे दाट, मध्ये बेताचे, मागे जवळजवळ नाहीच. १९८८ मध्ये न्युसलाइन-फोलहार्ड आणि वोल्फगांग ड्रीव्हर यांनी हा उतार प्रत्यक्ष रंगवून दाखवला. मॉर्गन यांना जे कधीच पाहता आले नाही, ते आता सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसत होते.

या प्रथिनाची परीक्षाही झाली. निरोगी अंड्याच्या पुढच्या टोकातील थोडे द्रव्य बारीक सुईने काढून बायकॉइड नसलेल्या अंड्याच्या मधोमध टोचले. तेव्हा डोक्याचे भाग मधोमध तयार झाले! आईजवळ या जनुकाच्या जादा प्रती असल्या, तर भ्रूणातील डोक्याची सीमा मागे सरकली. अत्तर वाढवले की वास खोलीत दूरवर जातो, तसेच हे झाले.

लुइस, न्युसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना १९९५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. चपट्या कृमीतही डोके आणि शेपूट रासायनिक संदेशांनी ठरतात, हे २००८ मध्ये दिसून आले. त्या द्रव्यांची जात वेगळी आहे, एवढेच.

आता पुन्हा त्या केळ्यांकडे या. चिलटाने केळ्याच्या सालीवर घातलेले अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. आत केंद्रके भराभर दुप्पट होत असतात आणि त्यांच्यामध्ये अजून भिंती नसतात, म्हणून बायकॉइडला पसरायला मोकळी वाट मिळते. तीनएक तासांत सुमारे सहा हजार केंद्रके अंड्याच्या पृष्ठभागालगत रांगेने उभी राहतात. प्रत्येक केंद्रकात तीच जनुके असतात. ज्याच्याभोवती बायकॉइड दाट, त्याची डोक्याकडची जनुके जागी होतात. त्यांच्यामुळे पुढची जनुके जागी होऊन रुंद पट्टे पडतात, पट्ट्यांतून सात बारीक पट्टे आणि त्यांतून चौदा खंडांची आखणी होते. हे सारे चालू असताना अंडे बाहेरून तसेच पांढरे आणि स्तब्ध दिसते. दुसऱ्या दिवशी त्यातून अळी बाहेर पडते आणि डोक्याच्या बाजूने केळे खायला लागते.